साठीनंतर पाठीवर सॅक आणि सोबत मैत्रीण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, मी ६४ वर्षांची, नुकतीच रिटायर झालेय. माझी शाळेपासूनची मैत्रीण ६७ची आहे. दोघींनी ठरवलंय की पुढच्या वर्षी पाठीवर सॅक घेऊन तीन आठवड्यांची लांब पायवाट चालायची, काही रात्री तंबूत, काही रात्री वाटेतल्या लॉजवर. एका दिवसाचे ट्रेक पुष्कळ केलेत पण सगळं सामान घेऊन सलग कधी चाललो नाही. मला बीपीची गोळी चालू आहे, तिचा एक गुडघा उतारावर दुखतो. घरचे म्हणतात, हे काय वय आहे का. सुरुवात कुठून करू? मी सामानाची यादी करायला घेतलीये.

उत्तर: हे वय आहे का, तर हो, आहे. एमा गेटवुड नावाच्या बाई १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतली अपलाचियन ट्रेल एकट्या आणि एकाच सीझनमध्ये सलग चालल्या, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून जास्त, आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला. घरच्यांना हे जरूर सांगा, पण त्याच्या आदल्या वर्षीचंही सांगा. १९५४ मध्ये त्या निघाल्या होत्या, वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि घरी परतावं लागलं, मग पुढच्या वर्षी पुन्हा निघाल्या. मला ही गोष्ट यासाठी आवडते की त्यांना जे आडवं आलं ते वय नव्हतंच, आणि जे आलं त्याची तयारी करता येते.

आता तुमचं. यादी जरा बाजूला ठेवा आणि आधी एक अख्खी दुपार काढून दोघी समोरासमोर बसा. कुणाला कुठल्या गोळ्या चालू आहेत, काय दुखतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, कशाची भीती वाटते, म्हणजे उघडा कडा, ओढा ओलांडणं, अंधार, जे असेल ते सगळं बोलून टाका. जुन्या मैत्रीत काय होतं की आपल्याला वाटतं हिचं सगळं मला माहितीये, पण ते माहिती असतं तिच्या तिशीतलं, आत्ताच्या गुडघ्याचं आणि आत्ताच्या झोपेचं ती कधी बोललेलीच नसते. आणि लांबच्या वाटेवर ती माहिती नसणं फार महागात पडतं. एकटीने कितीही फिटनेस कमावला तरी तिकडे चालणार आहात दोघी, त्यामुळे तयारी पण दोघींची मिळूनच व्हायला पाहिजे, हे मी तुम्हाला अगदी ठासून सांगते.

त्याच दुपारी एक अवघड प्रश्न पण सोडवून टाका: एकीला मध्येच थांबावं लागलं तर दुसरी पुढे जाणार का? माझं मत असं की आजारी किंवा जखमी व्यक्तीला वाटेत एकटं सोडायचं नाही, पण ती गावात सुरक्षित पोचली, डॉक्टर आहे, झोपायला नीट जागा आहे आणि ती मनापासून म्हणतेय की तू जा, तर जायला हरकत नाही. मात्र हे घरी असताना ठरलेलं पाहिजे. दमलेल्या संध्याकाळी पाय दुखत असताना हा विषय निघाला तर नको ते बोललं जातं. पैशांचंही तसंच, लॉजवर राहायचं की तंबू लावायचा हे एकीला खर्चाचं वाटतं, दुसरीला पाठीचं, तर रोजची खर्चाची मर्यादा आधी बोलून ठेवा.

मग डॉक्टर. नुसतं ‘मी ट्रेकला जाऊ का’ असं विचारू नका, त्यावर उत्तर पण तसंच मोघम येतं. सांगा की रोज सहा-सात तास, पाठीवर नऊ-दहा किलो, सलग तीन आठवडे, जवळ हॉस्पिटल नाही. आणि बीपीच्या गोळीबद्दल नावानिशी विचारा. काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतात, त्या घेऊन उन्हात दिवसभर घाम गाळला तर उभं राहताना चक्कर येऊ शकते. काही गोळ्या हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत (बीटा ब्लॉकर म्हणतात त्या), त्यावर असाल तर घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवून चालत नाही, चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का हीच खरी परीक्षा. अजून एक, गुडघा दुखला की आयबुप्रोफेनसारखी गोळी तोंडात टाकायची सवय पुष्कळांना असते, पण बीपीच्या काही गोळ्या, शरीरातलं कमी झालेलं पाणी आणि वर ही पेनकिलर असं तिन्ही एकत्र आलं की किडनीवर ताण येतो, तेव्हा दुखण्यावर कुठली गोळी चालेल हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी दोघींपैकी कुणाला चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारसुद्धा साधा समजायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर ते घ्या, आणि दात दाखवून या, आडवाटेला दाढ ठणकायला लागली की सगळी ट्रिप तिथेच संपते.

व्यायामाला किमान पाच-सहा महिने हवेत. स्नायू तसे पटकन तयार होतात पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा हळू तयार होतात, आणि या वयात तर अजून हळू, म्हणून ज्यांना महिनाभरात छान वाटायला लागतं आणि जोरात वाढवतात त्यांची टाच किंवा गुडघा धरतो. जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या गाइडलाइन्समध्ये ६५च्या वरच्या लोकांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करा असं सांगते, नुसतं चालणं त्यांनीही पुरेसं धरलेलं नाही. घरच्या घरी होतं सगळं: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पायरीवर चढणं, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं (भिंतीजवळ हं).

तुमच्या मैत्रिणीच्या गुडघ्यासाठी खास सांगते. चढताना दम लागतो, पण पायांची खरी दमछाक होते ती उतरताना, कारण तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत वजन झेलत असतो, म्हणजे तो ब्रेकचं काम करतो. म्हणूनच उताराच्या दिवसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात. यावर उपाय म्हणजे उतरण्याचाच सराव. जिना हळूहळू उतरा, एकेका पायरीला तीन आकडे मोजत पाऊल टेकवा, आणि मग दर आठवड्याला एखादा खराखुरा उतार. शरीर हे लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखवतो. जोडीला दोन ट्रेकिंग पोल, एक नाही, दोन. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची, उतारावर थोडे लांब करायचे. पण आधी फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखवून घ्या, दुखणं नक्की कशाचं आहे ते कळल्याशिवाय व्यायाम ठोकू नका.

आता सामान. सॅकचं एकूण वजन शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं असं साधारण म्हणतात, मी तुम्हाला १५ टक्क्यांच्या आसपास राहा म्हणीन, म्हणजे ६० किलोच्या बाईला नऊ किलो. आणि यात पाणी आणि खाणं पण आलं, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, कोरडं खाणं दिवसाला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि प्रत्येक वस्तू मोजून लिहा, हे कंटाळवाणं काम आहे पण याच्याइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही, कारण किलोभर वजन कधीच एका वस्तूत नसतं, ते वीस-पंचवीस छोट्या वस्तूंत लपलेलं असतं. सॅक घेताना तिचे लिटर नंतर बघा, आधी पाठीची लांबी, म्हणजे मान खाली वाकवली की जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. बहुतेक वजन कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं, खांद्यांवर नाही. दुकानात आत वजन टाकून निदान वीस मिनिटं फिरून बघा, लाजू नका.

दोघींचा तंबू, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर एकच असू दे, तिथे खरी बचत होते. पण वाटणी अर्धी-अर्धी करू नका, जिचा गुडघा दुखतो आणि जिचं वजन कमी तिच्याकडे कमी. आणि काही गोष्टी मात्र प्रत्येकीच्या स्वतःच्या पाठीवरच हव्यात, त्यात तडजोड नाही: आपली औषधं, हेडटॉर्च, गरम जाकीट, पावसाचं जाकीट, शिट्टी, थोडं खाणं आणि पाणी. धुक्यात दहा मिनिटं चुकामूक झाली तरी याचं महत्त्व कळतं.

बूट संध्याकाळी घ्या, तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात, आणि लांबच्या वाटेवर ते सुजतातच. उतारावर बोटं पुढे आपटली की नखं काळी पडतात, तेव्हा पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. फोड येण्याआधी ती जागा गरम लागायला लागते, त्याच क्षणी थांबून टेप लावायची. मैत्रीण पुढे जातेय म्हणून न थांबणं हे फोडाचं सगळ्यात मोठं कारण आहे असं माझं निरीक्षण, म्हणून ‘पायात गरम लागतंय’ असं कुणीही म्हटलं की दोघींनी थांबायचं हा नियमच करा.

आणि सरावाच्या शेवटी, निघण्याच्या दोन महिने आधी, दोघींनी पूर्ण सामान घेऊन दोन रात्रींचा सराव-ट्रेक करायचा, मग शक्य झालं तर चार दिवसांचा. तोच तंबू, तेच बूट, तेच खाणं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे आहेत, झोप झाली का आणि एकमेकींशी नीट बोलताय का, हे तिन्ही बघा. काही बदलायचं असेल तर तेव्हा हातात वेळ असतो. हा ट्रेक वेळ नाही म्हणून गाळला जातो, तुम्ही मात्र गाळू नका, वाटलं तर बाकीचं काही गाळा.

प्रश्न: ताई, मी ६८ वर्षांचा, मित्र माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि चालायला भलताच जोरकस. तो पुढे जाऊन थांबतो, मी पोचलो की लगेच उठून निघतो. तेरा-चौदा दिवसांच्या वाटेवर हे कसं निभवायचं? त्याला दुखवायचं नाहीये.

उत्तर: यात होतं काय की ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला ती जास्त मिळते आणि ज्याला जास्त हवी त्याला मिळतच नाही. मित्राला हे बहुतेक जाणवलेलंच नसेल, तेव्हा सांगा, आणि घरून निघायच्या आधी सांगा. नियम साधा ठेवा: तुम्ही पुढे चालायचं, तो मागे. आणि विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होते. त्याला जोरात चालायचंच असेल तर मुक्कामाला पोचल्यावर सॅक टाकून त्याने हवं तिथे चढून यावं, पाणी भरून आणावं, ते चांगलंच आहे. वजनही थोडं त्याच्याकडे जास्त द्या, वेग आपोआप जवळ येतो, आणि असे जोरकस मित्र हे आनंदाने घेतात.

दिवस आखताना नकाशावरच्या नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशोब दिला तो अजून वापरतात: तासाला पाच किलोमीटर, आणि वर दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर जवळपास साडेतीन तास. पण हा हिशोब तगड्या माणसाचा आणि थांबे न धरता, तेव्हा तुम्ही त्यात निदान निम्मी भर घाला, पाच-सव्वापाच तास धरा आणि सरावाच्या वेळी तुमचा खरा आकडा काय येतो ते वहीत लिहा. पहिले तीन-चार दिवस मुद्दाम छोटे ठेवा. पाच-सहा दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस आधीच धरून ठेवा, ‘लागला तर घेऊ’ असं ठेवलं की तो कधीच घेतला जात नाही.

प्रश्न: प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, उतारावर पाऊल चुकल्यासारखं होतं. वयामुळे तोल जातोय का?

उत्तर: तोल तपासून घ्या, पण बऱ्याचदा दोष चष्म्याचा असतो. त्या काचेचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो, पायाखालची जमीन त्यातून अंधुक दिसते आणि अंतराचा अंदाज चुकतो. मान वाकवून वरच्या भागातून बघावं लागतं आणि दिवसभर ते होत नाही. चालण्यासाठी फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा करून घ्या, नकाशा आणि औषधाची लेबलं वाचायला हलका वाचायचा चष्मा वेगळा. लांबच्या चष्म्याचा एक जादा जोड मित्राच्या सॅकमध्ये द्या. नव्या चष्म्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून निघायच्या तोंडावर करू नका.

प्रश्न: आम्हा दोघींना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. एका तंबूत कसं जमायचं? पाणी कमी पिऊ का? आणि जमिनीवर झोपून पाठ अवघडते.

उत्तर: पाणी कमी करू नका. वय वाढलं की तहानेची जाणीवच कमी होते, म्हणजे शरीर मागत नाही पण त्याला हवं असतं. फक्त वेळ बदला, बहुतेक पाणी दुपार-संध्याकाळपर्यंत आणि घामाच्या दिवशी क्षारांसह, नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. तंबू असा घ्या की ज्याला दोन्ही बाजूंनी दारं आहेत, मग एकमेकींना ओलांडावं लागत नाही, थोडं वजन वाढलं तरी चालेल. दाराच्या वाटेत काही ठेवायचं नाही, हेडटॉर्च कायम एकाच जागी, उठताना आधी बसायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग उभं राहायचं. रात्री अंधारात दोरीला अडकून पडणं हा फार टाळता येण्यासारखा अपघात आहे. तंबूच्या दोऱ्या चमकणाऱ्या घ्या.

मॅटच्या बाबतीत वजन वाचवू नका. या वयात कंबर आणि खुबा चांगली हवेची जाड मॅट मागतात. शिवाय थंडी जमिनीतून येते, अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग तिथे काही करत नाही, मॅटच करते. तिच्यावर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, जास्त म्हणजे जास्त ऊब, थंडीच्या रात्रींसाठी चारच्या आसपास बघा. आणि इथेही दोन रात्री घरात फरशीवर झोपून बघा.

प्रश्न: आमच्या वाटेत तीन हजार मीटरच्या वर मुक्काम आहेत. वयामुळे उंचीचा त्रास जास्त होतो का?

उत्तर: नुसत्या वयामुळे नाही. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो आणि तो मुख्यतः किती भराभर वर चढलात यावर असतो, फिटनेसवर पण नाही. तीन हजारच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र. डोकं दुखतंय, मळमळतंय तर वर जायचं नाही. पाय लटपटायला लागले, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली. आजारी माणसाला स्वतःचं कळत नाही, ते सोबतच्याने ओळखायचं असतं, म्हणून ही लक्षणं दोघांनाही पाठ पाहिजेत. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी सविस्तर बोला.

प्रश्न: मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो. मित्राला काय काय सांगून ठेवू? आणि घरच्यांची काळजी कशी कमी होईल?

उत्तर: मित्राला सगळं सांगा आणि एकदा करूनही दाखवा, शुगर कशी मोजायची, गोड कुठल्या खिशात आहे. दिवसभर चालल्यावर शुगर रात्री झोपेतही खाली येऊ शकते, तेव्हा झोपताना मोजणं सोडू नका आणि डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांशी आधी ठरवा. अचानक घाम, थरथर, चिडचिड, बोलणं विसंगत, असं दिसलं की त्याने वाद न घालता साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तुम्ही बेशुद्ध असाल तर तोंडात काही घालायचं नाही, मदत मागायची. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, थंडीत ते रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा, उन्हात सॅकच्या वरच्या कप्प्यात नको. साठा दोन भागांत, अर्धा तुमच्याकडे, अर्धा मित्राकडे.

घरच्यांसाठी रोजच्या मुक्कामांची यादी, वाटेवरून बाहेर पडायच्या जागा आणि कुठल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा हे कागदावर लिहून द्या. वेळ थोडी सैल ठेवा, रेंज नसण्याने उगीच घबराट नको. रेंज नसलेले लांब टप्पे असतील तर सॅटेलाइटवरून मेसेज आणि एसओएस पाठवणारं छोटं यंत्र घ्या, आणि ते वापरायला दोघांनाही यायला हवं, कारण ज्याला येतं तोच पडलेला असू शकतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँकही रात्री आत घ्या. शिट्टीचा डोंगरातला मदतीचा इशारा म्हणजे मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, मग परत सहा. इन्शुरन्स काढताना डायबेटिस लपवू नका, नाहीतर क्लेम नाकारतात, आणि वयाची मर्यादा, किती मीटर उंचीपर्यंत कव्हर आहे, हेलिकॉप्टरने काढायचा खर्च धरलाय का, हे तिन्ही पॉलिसीत स्वतः वाचा. पॉलिसी नंबर, औषधांची नावं आणि डोस, रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरचे दोन फोन नंबर असा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सॅकच्या वरच्या खिशात ठेवा, मित्राचा तुमच्याकडे आणि तुमचा मित्राकडे एकेक जादा.